परिच्छेद आणि विद्यार्थी

लेखनाच्या अध्यापनांत ज्या गोष्टी अतिशय सोप्या समजून हातावेगळ्या केल्या जातात, त्यांत परिच्छेदाची गणना प्रथम करावी लागेल. शुद्धलेखनासाठीं नियम आहेत, अलंकारांसाठीं तर पाठ करण्याजोग्या व्याख्याच आहेत. परंतु परिच्छेद कोठें संपवावा आणि नवा कोठें मांडावा, याविषयीं विद्यार्थ्यास बहुधा एवढेंच सांगितलें जातें कीं, मुद्दा बदलला म्हणजे थोडी जागा सोडून नव्या ओळीवर लिहावें. हा उपदेश खोटा नाहीं. पण मुद्दा बदलला हें ओळखावें कसें, हें त्यांत येत नाहीं. आणि सारी अडचण तेथेंच आहे.

परिच्छेद हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’चे दहा भाग याच नांवानें ओळखले जातात, तेथें त्याचा अर्थ जवळजवळ अध्याय असा होतो. आज आपण ज्यास परिच्छेद म्हणतों, तो मात्र मराठी गद्यांत मुद्रणाबरोबर स्थिरावला. मोडी लिहिणारा कारकून आधीं आडवी रेघ ओढी आणि तिच्याखालीं शब्दास शब्द जोडून लिहीत जाई. कोठें थांबावयाचें, हें वाचणारानें आपल्या सरावानें ठरवावयाचें. विरामचिन्हेंही मराठीस एकोणिसाव्या शतकांत मिळालीं आणि त्यांचें श्रेय मेजर कँडी यांस दिलें जातें. ग्रीक हस्तलिखितांत विषय किंवा बोलणारा बदलला कीं ओळीच्या आरंभाखालीं एक लहानशी आडवी रेघ काढीत. पॅराग्राफ हा शब्द त्या रेघेच्या नांवावरून आलेला आहे. म्हणजे ही खूण मुळांत वाचकासाठीं केलेली सोय होय. लिहिणारास आपला विचार कोठें थांबला हें ठाऊक असतें. वाचकास तें कोणी तरी दाखवावें लागतें.

ही सोय नियमांत बांधण्याचें मोठें काम स्कॉटलंडमधील अलेक्झांडर बेन या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकानें १८६६ सालच्या आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथांत केलें. आरंभींच्या वाक्यानें विषय सुचवावा, प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशीं संबंध उघड असावा, विषयांतर होऊं नये, मुख्य आणि गौण यांचें प्रमाण राखावें, अशा आशयाचे त्याचे नियम आहेत. ते पुष्कळ अंशीं योग्यच आहेत. परंतु पुढें पाठ्यपुस्तकांनीं त्यांतील पहिलाच नियम उचलून धरला आणि ‘विषयवाक्य आधीं’ हा मंत्र करून टाकला. रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकन अभ्यासकानें नियतकालिकांतील २५ लेख तपासून १९७४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषयवाक्यानें आरंभ होणारे परिच्छेद त्यास शेंकडा तेराच्या आसपासच आढळले. यावरून विषयवाक्य निरुपयोगी ठरतें असें आम्ही म्हणत नाहीं. परिच्छेदांतील सर्व वाक्यांस धरून ठेवणारा एक विचार लेखकाच्या मनांत असावाच लागतो; तो पहिल्या ओळींतच उच्चारला पाहिजे, एवढा आग्रह मात्र अनुभवास धरून नाहीं.

आपल्या शाळांतील चाल याहून निराळी, पण तितकीच यांत्रिक आहे. फळ्यावर मुद्दे दिले जातात आणि प्रत्येक मुद्द्याचा एक परिच्छेद होतो. समजा, ‘आमची नदी’ हा विषय आहे आणि उगम, काठचीं गांवें, उपयोग, पूर असे चार मुद्दे आहेत. विद्यार्थी चार परिच्छेद लिहितो आणि वही नीटनेटकी दिसते. पण ‘उपयोग’ या परिच्छेदांत नदीच्या गाळानें शेत पिकतें असें तो सांगतो, आणि ‘पूर’ या परिच्छेदांत तेंच शेत वाहून गेल्याचें सांगतो. हा गाळ पुरानेंच आणला, ही गोष्ट त्यास कोठेंच सांगतां येत नाहीं. कारण ती दोन मुद्द्यांच्या मधल्या कोऱ्या जागेंत हरवली आहे. तेथें त्याला खरोखर एकच परिच्छेद हवा होता. फळ्यावरील यादीनें त्याला लिहावयास मजकूर पुरविला आणि विचार करण्याची संधि तेवढी काढून घेतली.

मग शिकवावें कसें? आमच्या मतें दोन साधे अभ्यास पुरेसे आहेत. एखाद्या चांगल्या लेखकाचा दोन पृष्ठांचा उतारा सलग, परिच्छेद न पाडतां, मुलांसमोर ठेवावा आणि तो कोठें तोडावा तें त्यांस विचारावें. दोघांचे तोड निरनिराळे आले म्हणजे खरा पाठ सुरू होतो. प्रत्येकानें आपलें कारण सांगावें. मूळ लेखकाचा तोड शेवटीं दाखवावा, परंतु तोच एक बरोबर असें शिक्षकानें म्हणूं नये. दुसरा अभ्यास स्वतःच्या लेखनावरचा. निबंध लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारीं समासांत त्याचें सार एका पूर्ण वाक्यांत लिहावें. ‘नदीचा उपयोग’ हें नांव झालें. ‘जो पूर शेत बुडवितो तोच त्यास गाळ देतो’ हें वाक्य झालें. असें वाक्य सुचत नसेल तर परिच्छेदांत विचार नाहीं. एकास दोन वाक्यें लागत असतील तर तो तोडावा. दोन परिच्छेदांस एकच वाक्य पुरत असेल तर ते जोडावे.

यावर शिक्षकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. वर्गांत साठ वह्या असतात, आणि परीक्षक घाईंत पाहतो तें बाह्य रूपच. पण या अभ्यासासाठीं दर वेळीं संपूर्ण निबंध लागत नाहीं. आठवड्यास एक परिच्छेद आणि त्याचें एक समासवाक्य पुरे. तें तपासावयास निबंधाच्या मानानें थोडाच वेळ लागतो. वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभानें एकेका वाक्याचे परिच्छेद वाचकाच्या अंगवळणीं पाडलेच होते. आतां हातांतील लहान पडद्यावर तीच संवय दृढ होत आहे. अशा वेळीं दहा वाक्यें एका विचारास बांधून ठेवण्याची शक्ति शाळेनें दिली नाहीं, तर ती विद्यार्थ्यास इतरत्र सहजासहजीं मिळणार नाहीं. आणि ती ज्यास लाभली नाहीं, त्यास लिहितां तर येणार नाहींच; दुसऱ्याचा लांब युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकून घेणेंही त्यास जड जाईल.