वर्चस्व आहे, पण कोणाचे?

उपग्रहाच्या प्रतिमेवरून जमिनीचा नकाशा करताना प्रत्येक चौकोनाला जंगल, शेती, पाणी असे एकच नाव दिले जाते. अशा नकाशात काही प्रकार इतरांपेक्षा किती वरचढ आहेत, हे एका आकड्यात सांगण्यासाठी अमेरिकेतील रॉबर्ट ओ'नील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'वर्चस्व निर्देशांक' मांडला. सर्व प्रकारांचे वाटे समान असले की तो शून्य येतो. वाटे विषम होत जातात तसा वाढतो.

कल्पना सुटसुटीत आहे. तरी तिच्यावर आमचे तीन आक्षेप आहेत. आलेख-कागदावर ते कोणालाही तपासता येतील.

१०० चौकोन घ्या : ६० जंगल, ३० शेती, १० पाणी. प्रत्येक वाट्याला (०.६, ०.३, ०.१) त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणा, बेरीज करा आणि तीत ३ चा लॉगॅरिदम मिळवा. उत्तर ०.२० येते.

आता जंगल ३० आणि शेती ६० करा. उत्तर पुन्हा ०.२०! वर्चस्व आहे एवढे कळले. कोणाचे, ते कळले नाही.

दुसरा आक्षेप मांडणीचा. जंगलाचे ६० चौकोन सलग असोत वा विखुरलेले, आकडा तोच. जंगलातून रस्ता गेला तर क्षेत्र थोडेच घटते, निर्देशांक जेमतेम हलतो. पण जंगलाचे दोन तुकडे होतात. म्हणून सर्वांत मोठा तुकडा एकूण क्षेत्राच्या किती टक्के आहे, हेही मोजतात. तेथेही सावधगिरी हवी. ३०-३० चौकोनांचे दोन तुकडे फक्त कोपऱ्याला टेकत असतील, तर कोपरा जोड मानल्यास उत्तर ६० टक्के, न मानल्यास ३० टक्के येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्याच जंगलाचे 'दाट' व 'विरळ' असे ३०-३० चौकोनांचे दोन प्रकार केले, की ०.२० चा आकडा ०.०७ वर येतो. जमिनीवर काहीच बदललेले नसते! हे केवळ कागदावरचे उदाहरण नव्हे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००३ च्या अहवालात पूर्वीच्या 'दाट' वनाचे 'अतिदाट' आणि 'मध्यम दाट' असे दोन वर्ग केले. त्याआधीच्या व नंतरच्या नकाशांवरून काढलेले निर्देशांक शेजारी ठेवले, तर वर्गवारीतला बदल वनातला बदल म्हणून खपेल.

निर्देशांक टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु एखाद्या प्रकल्पाच्या बाजूने असा एकच आकडा पुढे केला गेला, तर विद्यार्थ्यांनी आधी नकाशा मागावा, त्याची सूची वाचावी आणि तुकडे कसे मोजले ते विचारावे.