भुताचा जबाब कोण घेणार?

मराठी मुलांच्या वाचनात गुप्तहेरांचा तुटवडा नव्हता आणि भुतांचाही नव्हता. या दोघांची गाठ मात्र क्वचितच पडली. मुलांसाठी लिहिलेली अद्‌भुत रहस्यकथा आपल्याकडे अजून बाळसं का धरत नाही, याचं उत्तर या ताटातुटीत आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे डोळे उघडे ठेवतो, सायकल दामटतो आणि अंगच्या हुशारीने गुन्हेगार पकडतो. त्याच्या जगात पारलौकिकाला फारसा थारा नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण आहे, पण ती मुलांना खदखदून हसवण्यासाठी. मतकरींची खरी भीती मोठ्यांच्या गूढकथांत गेली. उरले नारायण धारप. त्यांचे समर्थ म्हणजे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत अतींद्रिय शोधक. पुस्तकं मोठ्यांसाठी असली, तरी शाळकरी पोरांनी ती दप्तरात लपवून वाचली. वातावरण उभं करण्यात धारपांचा हात धरणारा कोणी नाही. पण कोडं बहुतेकदा सुटतं ते समर्थांच्या साधनेच्या बळावर. वाचक दिपतो, मात्र त्यांच्याआधी उत्तराशी पोचण्याची संधी त्याला मिळत नाही.

बंगालीत सत्यजित राय यांनी 'सोनार केल्ला'त पूर्वजन्म आठवणारा मुलगा आणला. पण त्यांच्या फेलुदा या गुप्तहेराने गुन्हा उकलला तो निव्वळ तर्काने. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलुदा मराठीत आला, पण त्याचा कित्ता कोणी गिरवला नाही. इंग्रजीत जोनाथन स्ट्राउड यांनी 2013पासून 'लॉकवुड अँड कंपनी'त भुतांना नियम घालून दिले: लोखंड आणि मीठ त्यांना चालत नाही. नियम आधी कळले की वाचणारं पोरही तपासात उतरतं.

आपल्या भुतांना तर असे नियम पूर्वीपासून आहेत. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला, माणसाला भुलवून बुडवणारा. कोण, कुठे, कशासाठी, हे लोकपरंपरेनेच लिहून ठेवलंय. कथानकाला जागाही हवी असेल, तर रायगड जिल्ह्यातलं मोहोपाडा घ्या. जवळून वाहते पाताळगंगा. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारं पाणी तिला मिळतं, त्यामुळे आभाळात ढग नसतानाही तिची पातळी हलते. आता समजा, भर उन्हाळ्यात एक पोरगा कोरड्या दगडावरून पाण्यात ओढला गेला. गाव म्हणतं, गिऱ्हा. आठवीतली चुणचुणीत मुलगी दगडावरची ओली रेघ बघते, वेळा टिपून ठेवते आणि खोपोलीपर्यंत माग काढते. नऊ गोष्टींचा उलगडा होतो, दहावी तशीच राहते. या प्रकारातली सगळी गंमत त्या दहाव्या गोष्टीत आहे.

इथे शिक्षक-पालक बिचकतात. जादूटोणाविरोधी कायदा 2013मध्ये आला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि आपण मुलांच्या हाती भुतं द्यायची? शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. बुवा आणि शोधक यांच्यातला फरक भुतावर ठरत नाही, पुराव्यावर ठरतो. बुवा निकाल सांगतो आणि पुरावा झाकतो; शोधक पुरावा आधी वाचकापुढे मांडतो. प्रश्न विचारायची सवय लावणारी भुताची गोष्ट अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही. समर्थांबद्दलची तक्रारही हीच आहे: त्यांचा शब्द अखेरचा असतो.

म्हणून नव्या लेखकांनी अंगावर काटा आणण्याआधी हिशेब चोख ठेवावा. आपल्या कथेतलं भूत खरं की बनावट, खरं असेल तर त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे पहिलं प्रकरण लिहिण्यापूर्वी ठरवावं आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावं. बारा वर्षांचा वाचक भुताला माफ करतो, फसवणाऱ्या लेखकाला करत नाही.