भूमीतील कर्बाची मोजणी : एका संशोधनकार्याचे परीक्षण

डॉ. तपस भट्टाचार्य यांच्या संशोधनकार्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. भारतीय भूमीतील कर्बसाठ्याचा आकडा देणारे शास्त्रज्ञ ही त्यांची हवामानबदलाच्या चर्चेतील परिचित ओळख होय; त्या आकड्यामागे मात्र खनिजशास्त्राची दीर्घ साधना उभी आहे. या दोहोंपैकी अधिक टिकाऊ काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोची स्थापना १९७६ साली झाली. तेथे भट्टाचार्य यांनी डी. के. पाल यांच्यासमवेत दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या जमिनींचा अभ्यास केला. सह्याद्रीवर, एकाच अतिवृष्टीच्या प्रदेशात, तांबडी व काळी जमीन शेजारी शेजारी कशी नांदते, हा त्यांच्या १९९३ मधील निबंधाचा प्रश्न होता. एवढ्या पावसात चुन्याचा अंश वाहून जावा आणि जमिनीची झीज अखेरच्या अवस्थेस पोहोचावी, ही रूढ अपेक्षा. तसे का होत नाही, याचे उत्तर त्यांनी पाषाणातील झिओलाइट खनिजांत शोधले. ही खनिजे कॅल्शियम हळूहळू पुरवीत राहतात व जमीन तग धरते. हवामान हाच भूमीचा एकमेव विधाता नव्हे, हा या संशोधनाचा पहिला धडा.

दुसरा धडा चुनखडीविषयी. कोरड्या प्रदेशातील काळ्या जमिनीत चुनखडी साचते, त्या वेळी मातीच्या कणांवरील कॅल्शियम उणे होते, सोडियमचे प्रमाण वाढते आणि खालच्या थरांतून पाण्याचा निचरा होईनासा होतो. विदर्भातील पूर्णा खोरे हे याचे ठळक उदाहरण. म्हणून चुनखडीची वाढ ही वाढत्या कोरडेपणाची व भूमीच्या ऱ्हासाची खूण आहे, असे प्रतिपादन पाल व भट्टाचार्य यांनी केले. मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कर्बाम्ल वायूमुळे हीच चुनखडी विरघळू शकते. तेव्हा उपायही भूमीच्याच ठायी आहे.

आता आकड्यांकडे वळू. २००० सालच्या अंदाजानुसार भारतीय भूमीतील सेंद्रिय कर्ब वरच्या ३० सेंटिमीटरांत सुमारे २१ अब्ज टन व १५० सेंटिमीटरांपर्यंत सुमारे ६३ अब्ज टन होता. २००८ च्या निबंधात हेच आकडे अनुक्रमे सुमारे ९.५५ व ३० अब्ज टनांवर आले. आठ वर्षांत देशाच्या भूमीतील निम्मा कर्ब उडून जाणे संभवत नाही. तफावतीचे कारण गणिताच्या पायऱ्यांतच शोधावे लागते. कर्बाचे शेकडा प्रमाण, मातीची घनता, थराची खोली आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारातून साठा निघतो. त्यांतील घनता काळ्या जमिनीत ओलाव्याबरोबर पालटते, कारण ती जमीन भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. शिवाय वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीत सर्व कर्ब हाती लागत नाही; ठराविक गुणकाने भरपाई करावी लागते. लहान चुका कोट्यवधी हेक्टरांनी गुणल्या की त्यांचे डोंगर होतात. आकडा सुधारणे हा दोष नव्हे, शास्त्राचा धर्मच आहे. परंतु सुधारित आकड्याशेजारी अनिश्चिततेची मर्यादा तितक्याच ठळकपणे असावयास हवी होती.

याहून मूलगामी आक्षेप निराळा आहे. २००८ च्या निबंधात १५० सेंटिमीटरांपर्यंतचा असेंद्रिय कर्ब सुमारे ३४ अब्ज टन, म्हणजे सेंद्रिय कर्बाहून अधिक, दाखविला आहे. लेखकांनी दोन्ही आकडे स्वतंत्र ठेवले, ही त्यांची सावधगिरी मान्य केली पाहिजे. तथापि ‘साठा’ हा एकच शब्द दोहोंस लावला की वाचक बेरीज करून मोकळा होतो. ज्या चुनखडीस खनिजशास्त्रज्ञाने ऱ्हासाची खूण म्हटले, तीच हिशेबात जमेच्या बाजूस बसते. पहिला कर्ब वाढणे हे भूमीचे आरोग्य, तर कोरड्या प्रदेशात दुसरा वाढणे हा तिचा रोग. ही विसंगती परिभाषेतून उद्भवली असून ती परिभाषेतच निस्तरली पाहिजे.

या परीक्षणाचा स्थानिक अभ्यासाशीही संबंध आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० साली ज्या काळ्या पाषाणात उभे राहिले, त्याच पाषाणाच्या झिजेतून उल्हास व वालधुनीच्या काठची भातखाचरे बनली. अंबरनाथ पश्चिमेस यांपैकी बरीच भूमी आज कारखाने, वसाहती व रस्ते यांखाली झाकली गेली आहे. देशव्यापी नकाशाच्या प्रमाणावर हा तुकडा दिसणारही नाही. उरलेल्या खाचरांत, पाऊस भरपूर असूनही, कर्ब किती व कोणत्या खनिजांच्या आश्रयाने टिकून आहे, हे नागपूरच्या पद्धतीने पण घनता जागेवर मोजून तपासणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम होय.

पुढे भट्टाचार्य यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. त्यांचे आकडे उद्या पुन्हा बदलतील. भूमी ही हवामानाची बखर आहे आणि ती खनिजांच्या लिपीत वाचावी लागते, ही त्यांची दृष्टी मात्र बदलत्या आकड्यांनंतरही उपयोगी पडत राहील.