‘करणार नाही’ : एका गळलेल्या कलमाची पाठचिकित्सा

गुगल कंपनीच्या संकेतस्थळावर ७ जून २०१८ पासून एक मजकूर होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत आपण कोणती तत्त्वे पाळू, हे कंपनीचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी त्यात सांगितले होते. मजकुराचे दोन भाग होते. पहिल्यात सात उद्दिष्टे होती. दुसऱ्यात कंपनी जे करणार नाही त्याची चार कलमे होती: एकूण अपाय घडवणारे तंत्रज्ञान, माणसांना इजा करणे हाच ज्यांचा मुख्य हेतू, अशी शस्त्रे आणि साधने, आंतरराष्ट्रीय संकेत मोडणारी पाळत, आणि आंतरराष्ट्रीय कायदा व मानवी हक्क यांच्या विरोधात जाणारा वापर. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी हा दुसरा भाग नाहीसा झाला. जुन्या पोथीत ओळ रद्द करायची तर तिच्यावर हरताळ फासत. पिवळा पट्टा राहतो आणि उजेडात धरला तर खालची अक्षरेही कधी कधी लागतात. संकेतस्थळावर पट्टा राहत नाही.

या एका गळतीविषयी मला लिहायचे आहे. युद्ध, सत्ता आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्या यांच्याविषयी मतांचा सध्या सुकाळ आहे. माझीही मते आहेत आणि ती पुढे येतीलच. पण मी संगणकाचा अभियंता नाही, विद्यापीठातला तर नाहीच नाही. सार्वजनिक वाचनालयांत बसून, चुकत माकत, दोन हस्तलिखिते शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला शिकलो, तेवढीच माझी विद्या. तीच इथे लावून पाहिली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती १९९६ पासून साठवून ठेवते. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये गुगलचा २०१८ चा पाठ आजही मिळतो. बड्या कंपन्यांच्या संशोधकाला दप्तरखाना म्हणून उपलब्ध आहे तो एवढाच.

पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना असतो आणि सोपा मागाहूनचा, कारण नकलाकाराला जे अडते ते तो सोयीचे करून घेतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा नियम आपल्याकडे अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा झाला. याच आवृत्तीचे संपादक वि. स. सुकथनकर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: परंपरेत ग्रंथ फुगत जातो, भर पडत जाते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती शके १५०६ मध्ये, आणि तिच्यात पदरची ओवी घालणाऱ्याला त्यांनी चांगलेच बजावून ठेवले. भर घालणाऱ्यांना असा दम मिळाला. गाळणाऱ्यांना कोणी दिल्याचे मला आठवत नाही. गुगलच्या मजकुरात पहिला नियम तंतोतंत लागू पडतो आणि दुसरा उलटा होतो. इथे जुना पाठ अवघड आहे, नवा सोयीचा आहे, आणि सोय भर घालून नव्हे तर गाळून साधली आहे.

आता प्रत्यक्ष पाठ पाहू. २०१८ च्या मजकुराचा कणा एक नकारार्थी क्रियापद आहे: आम्ही हे करणार नाही. कर्ता ठरलेला, काळ ठरलेला, नकार स्पष्ट. २०२५ च्या पाठात या जागी नामांची रांग येते: योग्य ती मानवी देखरेख, पुरेशी दक्षता, प्रतिसादाची यंत्रणा. आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क हे शब्द राहिले आहेत, पण त्यांची जागा बदलली. आधी ते ओलांडायचे नाहीत अशी रेघ होती. आता वापरकर्त्याची उद्दिष्टे आणि सामाजिक जबाबदारी यांच्या पंगतीला बसून ज्यांच्याशी ‘सुसंगत’ राहायचे अशा तीन गोष्टींतली ती एक आहे. वापरकर्ता लष्कर असेल तर त्याची उद्दिष्टे काय असतात, हा प्रश्न वाक्यरचनाच पोटात घालते. मराठी सरकारी परिपत्रके वाचलेल्या माणसाला ही शैली नवी नाही. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कर्ता सापडला आहे का कुणाला कधी?

जुना पाठ तरी निर्मळ होता का? तोही नव्हता. शस्त्रांच्या कलमात ‘मुख्य हेतू’ हे दोन शब्द आहेत आणि सगळी पळवाट त्यांत आहे. ड्रोनच्या चित्रणातून माणूस ओळखणाऱ्या यंत्राचा मुख्य हेतू ओळखणे हा आहे, इजा करणे हा नव्हे. इजा पुढचा कोणी तरी करतो. शिवाय त्याच मजकुरात पिचाई यांनी लिहून ठेवले होते की सायबर सुरक्षा, प्रशिक्षण, भरती अशा कामांत सरकार आणि लष्कर यांच्याबरोबर कंपनी काम करीतच राहील. म्हणजे दार बंद नव्हते, लोटलेले होते.

तरीही तो पाठ कोणी लिहवून घेतला, हे विसरता येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एप्रिल २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट मेवन’ सुरू केला. ड्रोनने टिपलेले चित्रण इतके साचले होते की ते माणसांनी पाहून होण्यासारखे नव्हते. त्यातली वाहने, माणसे यंत्राने हेरावीत, असा बेत होता. गुगल या कामात आहे हे मार्च २०१८ मध्ये बाहेर आले. तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी पिचाई यांना पत्र लिहिले की कंपनीने युद्धाच्या धंद्यात पडू नये. डझनभर लोकांनी नोकऱ्या सोडल्या. कंपनीने जूनमध्ये करार पुढे न चालवण्याचे जाहीर केले आणि लगोलग ही तत्त्वे आली. मजकुराखाली नाव प्रमुखाचे असले तरी लेखणी खालून ढकलली गेली होती. मेवन मात्र थांबला नाही. मे २०२४ मध्ये पॅलंटिर या कंपनीला त्याच्या कामाचे ४८ कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले.

मधल्या सात वर्षांत काय झाले? २०२१ मध्ये गुगल आणि अ‍ॅमेझॉन यांनी इस्रायल सरकारशी ‘निम्बस’ नावाचा १२० कोटी डॉलरचा करार केला. गाझातल्या युद्धाच्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, त्याविरुद्ध न्यूयॉर्क आणि सनीवेल इथल्या गुगलच्या कचेऱ्यांत कर्मचारी ठाण मांडून बसले. आधी अठ्ठावीस जणांना आणि पुढे एकूण पन्नासेक जणांना कामावरून काढले. २०१८ मध्ये पत्र लिहिणाऱ्यांना तत्त्वे मिळाली, २०२४ मध्ये बसणाऱ्यांना नारळ मिळाला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की २०२५ चा पाठभेद आश्चर्याचा राहत नाही.

इथे थोडे आपल्या घरातले. अशा कंपन्यांत काम करणारी मराठी मुले-मुली आता थोडी नाहीत, आणि दिवाळीच्या फराळाला तो विषय अभिमानाने निघतो. निघावा. पण अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर पुढची सोय लावायला त्याला साठ दिवस मिळतात. निषेधाच्या पत्रावर सही करणे त्याला शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी नागरिकापेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून ‘तुमच्या मुलाने सही केली का’ असे मी कोणाला विचारत नाही.

हीच गोष्ट इतरत्रही घडली. ओपनएआयच्या वापरधोरणात ‘लष्कर आणि युद्ध’ या वापराला नावानिशी मनाई होती. जानेवारी २०२४ मध्ये ते शब्द गेले. शस्त्रे बनवू नका, हे राहिले. जुलै २०२५ पर्यंत अँथ्रॉपिक, गुगल, ओपनएआय आणि एक्सएआय या चौघांनाही अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून प्रत्येकी वीस कोटी डॉलरपर्यंतची कंत्राटे जाहीर झाली होती. त्याआधी जूनमध्ये मेटा, ओपनएआय आणि पॅलंटिर यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याने अमेरिकी सैन्याच्या राखीव दलात घेतले. त्यांच्या तुकडीचे नाव ‘डिटॅचमेंट २०१’. संगणकाच्या परिभाषेत २०१ हा ‘नवे निर्माण झाले’ असे कळवणारा संकेतांक आहे. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून संरक्षण खात्याला ‘युद्ध खाते’ हे १९४७ पूर्वीचे जुने नाव जोडनाव म्हणून परत दिले. एका अर्थी मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. निदान तो सोयीचा पाठ नाही.

माझ्या एका मित्राने या लेखाचा कच्चा खर्डा वाचून दोन आक्षेप घेतले. पहिला असा की युक्रेनवर २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले तेव्हा याच कंपन्या मदतीला धावल्या. त्या हात बांधून बसल्या असत्या तर बरे झाले असते का? आक्षेप खरा आहे. स्वतःचा देश राखणाऱ्याला साधन देणे आणि वेढ्यात सापडलेल्या वस्तीवर पाळत ठेवायला साधन देणे, यांत मी फरक करतो. गुगलचे नवे निवेदनही लोकशाही देशांनी पुढे राहावे असेच म्हणते. पण क्रिमियाजवळ स्टारलिंक चालू करण्याची युक्रेनची विनंती आपण मानली नाही, हे इलॉन मस्क यांनी स्वतःच सांगितले. मदत करायची की नाही, कुठल्या रेघेपर्यंत, हे एका मालकाच्या मनावर राहिले. लोकशाहीचे नाव घेणाऱ्या मजकुरात हा निर्णय कोण घेणार याचे एकही वाक्य मला सापडले नाही.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा होता. हे सगळे दाखवायचे दात, तू त्यांची वर्षवार मोजदाद कसली करतोस? पुष्कळ दिवस मलाही तसेच वाटत होते. ‘वाईट वागू नका’ हे गुगलचे जुने ब्रीद २०१८ मध्येच आचारसंहितेच्या प्रस्तावनेतून उठले, शेवटच्या ओळीपुरते उरले आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही. पण लेख संपादकांकडे धाडायच्या बेतात होतो तेव्हाच, २५ सप्टेंबरला, मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांचे निवेदन आले. इस्रायलचे लष्कर पॅलेस्टिनी लोकांच्या दूरध्वनी संभाषणांचा प्रचंड साठा मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर ठेवते, असे ‘गार्डियन’ने ऑगस्टमध्ये छापले होते. कंपनीने चौकशी केली, बातमीतल्या काही भागाला पुरावा मिळाला असे मान्य केले आणि इस्रायली संरक्षण खात्याच्या एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या. कारण कोणते दिले? नागरिकांवर सरसकट पाळत ठेवायला आमच्या सेवाअटी परवानगी देत नाहीत, हे.

यात मायक्रोसॉफ्टचे कौतुक नाही. बंद झाल्या त्या काही सेवा, एका विभागाच्या. बातमी छापून आली नसती तर त्याही चालू राहिल्या असत्या असे मला वाटते. कंपनीच्या आतले कर्मचारीही कित्येक महिने ओरडत होते आणि त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. पण बातमीदाराने आणि कर्मचाऱ्यांनी बोट ठेवावे असे एक वाक्य तिथे अजून छापलेले होते. माझ्या मित्राला मी एवढेच कळवले की गुगलच्या गळलेल्या चार कलमांपैकी तिसरे कलम पाळतीविषयीच होते.