नाही म्हणणाऱ्यांची कादंबरी

चाओ शूलीची ‘सानलीवान’ (१९५५) मी ग्लॅडिस यांग यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. चीनमधल्या शेती सहकारी संस्थेवरची कादंबरी म्हटल्यावर लाल झेंडे आणि भाषणं यांची तयारी ठेवली होती. निघालं भलतंच: घरातली भांडणं, वाटणीचे कागद, तीन लग्नं आणि एक कालवा.

कालव्याच्या आड येते मा तोशोऊच्या घरची जमीन. ‘सुरीची मूठ’ हे त्या तुकड्याचं नाव. घरातल्या माणसांनाही गावाने नावं ठेवलीत. म्हातारा ‘घोळू’, त्याची बायको ‘माझंच खरं’, मोठा मुलगा पक्का हिशेबी आणि सून ‘हिच्या वाटेला जाऊ नका’. लेखकाचा खरा जीव यांच्यावर आहे. आदर्श कार्यकर्ते त्यांच्यापुढे फिके वाटतात.

सभासदत्व ऐच्छिक, हे त्या काळच्या प्राथमिक सहकारी संस्थांचं जाहीर तत्त्व. जमीन नावावर राहायची, तिचा लाभांश मिळायचा, श्रमाचा मोबदला वेगळा. म्हणजे ‘नाही’ म्हणायला काही अर्थ होता. गावप्रमुख फान तंगकाओ तर पक्षाचाच माणूस. जमीनवाटपात त्याचं भलं झालं, आता दोन खेचरं घेऊन व्यापार करतो आणि संस्थेत यायला तयार नाही. पक्षाच्या बैठकीत त्याची हजेरी घेतली जाते. चाओ हा भाग मिश्कीलपणे लिहितो. मला मात्र वाचताना हसू आलं नाही. ज्याला बाहेर राहायचंय त्याला सुधारायचं, एवढीच त्या बैठकीची कल्पनाशक्ती.

शेवटी सगळेच आत येतात. लग्नं जुळतात, कालव्याची वाट मोकळी होते. माझा आक्षेप इथेच आहे. एकही घर बाहेर उरत नसेल, तर आत आलेल्यांनी काय निवडलं? तंगकाओची शिकलेली मुलगी लिंगजी संस्थेचे हिशेब पाहते, ही मात्र कादंबरीतली सर्वांत लोकशाही गोष्ट. कुणी किती राबलं आणि कुणाला किती मिळालं, हे त्या वहीत कुणालाही पडताळून पाहता येतं.

वर्षभरात जमिनीचा लाभांश गेला, १९५८मध्ये कम्यून आले. १९५९मध्ये कम्यूनच्या कारभारावर चाओने ‘हाँगछी’ या पक्षाच्या नियतकालिकाला टीकेचं पत्र लिहिलं. ते त्याला महागात पडलं. सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून १९७०मध्ये तो गेला.

आजचा चिनी कायदा (२००७पासून लागू) कागदावर उदार आहे. एका सभासदाला एक मत, मोठ्या भांडवलदार सभासदांची जादा मतं एकूण मूळ मतांच्या २० टक्क्यांपर्यंत, वाटपायोग्य नफ्यातला किमान ६० टक्के भाग व्यवहाराच्या प्रमाणात परत. तरी २०१९मध्ये सरकारलाच ‘रिकाम्या टरफलाच्या’ संस्था साफ करायची मोहीम काढावी लागली. सानलीवानमध्ये तंगकाओचं ‘नाही’ मोडायला अख्खी बैठक लागली होती. टरफली संस्थेत सभासदाला कुणी विचारायलाच येत नाही. अशा गावावर कादंबरी लिहायला बसलं, तर ‘माझंच खरं’ म्हणणारी म्हातारी कुठून आणायची?