पुनर्वसनाचे घर आणि वाढीव पत्रा

विस्थापितांसाठी छोटी, पर्यावरणाला झेपणारी घरे बांधणे हा आता वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रांत झाला आहे. पाकिस्तानच्या यास्मिन लारी यांना 2023 मध्ये ब्रिटनचे रॉयल गोल्ड मेडल मिळाले. बांगलादेशच्या मरिना तबस्सुम यांच्या ‘खुदी बारी’ या छोट्या घराला 2025 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. एके काळी हा विषय कार्यकारी अभियंत्याच्या टेबलापलीकडे जात नसे, त्यामुळे या बदलाचे स्वागतच करायला हवे. माझी तक्रार एवढीच, की आपण ही घरे कोरी असताना पाहतो आणि तेव्हाच त्यांना गुण देऊन मोकळे होतो. घर खरे कळते ते दहा-पंधरा वर्षांनी. लोकांनी कुठे पत्रा टाकला, कुठली खिडकी बुजवली, चूल कुठे हलवली, हे पाहिल्यावर.

या दृष्टीने आपल्याकडचा सर्वांत मोठा धडा लातूर-उस्मानाबादचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारी परिसरात घरांनीच माणसे मारली. दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाडीच्या दगडी भिंती, आत मातीचा गारा, दोन्ही तोंडांना सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे माळवद. काही ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा खण मात्र उभा राहिला. दोष दगडापेक्षा बांधणीत होता. पण ज्याने आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्याला हे कोण सांगणार? लोकांना दगड नको झाला आणि शासनाला सिमेंट सोयीचे पडले.

52 गावे दुसऱ्या जागी वसवली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, त्यावरच्यांना 750. जमिनीच्या उताऱ्यावरून घर ठरले आणि घराच्या आकारावरून ओळ ठरली. जुन्या गावात आळी होती, भावकी होती, एका बोळात चार चुली होत्या. जातीची उतरंडही होतीच, जुन्या गावाचे गोडवे गाताना ती विसरू नये. नव्या गावात सरळ रुंद रस्ते आले आणि गावठाणाचा पसारा जुन्याच्या कित्येक पट झाला. पाणी, शेत, शेजार, सगळेच लांब गेले. घरात ढेलज नाही, ओसरी नाही, वर्षाचे धान्य ठेवायला बळद नाही, बैल बांधायला जागा नाही. मग लोकांनी पत्र्याची शेड उभारली, पुढे आडोसा घातला, जुन्या घराची लाकडे आणून जोडली. अधिकारी त्याला अतिक्रमण म्हणतात. मी त्याला नकाशावरची दुरुस्ती म्हणेन, कारण नकाशा काढताना जे विचारायला हवे होते, त्याचेच ते उत्तर आहे.

याच भूकंपाची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. जी गावे हलवली नाहीत, तिथे दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः केले. पैसे हप्त्याने मिळाले, अभियंत्याने सल्ला दिला, माळवदावरची माती कमी झाली, भिंतींना पट्टे बसले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. कालपर्यंत सरकारी माणसासमोर पदर तोंडावर ओढणारी बाई गवंड्याला सिमेंटचा हिशेब विचारू लागली. सगळेच काम चोख झाले असे नाही. पण वास्तुकलेच्या इतिहासात नोंदवावे असे लातूरमध्ये काही घडले असेल, तर ते हे. त्याचे छायाचित्र सुंदर येत नाही, म्हणून ते राहून गेले.

गुजरातने 2001 च्या भूकंपानंतर हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला आणि लातूरच्या बायका तिकडे अनुभव सांगायला गेल्या. कच्छमध्ये आणखी एक गोष्ट जुळून आली. गोल मातीचा, हलक्या छपराचा भुंगा भूकंपात बऱ्यापैकी टिकला होता, त्यामुळे ‘हुन्नरशाला’सारख्या संस्थेला मातीच्या बाजूने बोलताना पुरावा दाखवता आला. आपल्याकडे मातीला असा वकील मिळाला नाही.

लारी यांच्या कामाचे मोठेपण मला बांबू आणि चुन्यापेक्षा त्यांच्या हिशेबात दिसते. कराचीत काचेच्या कंपनी-इमारती उभारलेल्या या बाईंनी सिंधमध्ये पूरग्रस्त बायकांच्या हातात घराची कृती दिली, ठेकेदाराला मधून काढले. प्रश्न उरतो जमिनीचा. सिंधमधला हारी, म्हणजे कूळ, जमीनदाराच्या जमिनीवर राहतो. उद्या त्याला उठवले, तर चुन्याची भिंत तिथेच राहणार. तबस्सुम यांनी या अडचणीचाच नकाशा केला. नदीतल्या चरावर, म्हणजे गाळाच्या बेटावर, जमीनच टिकत नाही, म्हणून त्यांचे दुमजली बांबूचे घर सुटे करून दुसरीकडे नेता येते. पूर आला की माणसे वरच्या मजल्यावर जातात. फार हुशार काम आहे ते. पण स्थलांतर हेच नशीब गृहीत धरून केलेली रचना आपण किती आनंदाने साजरी करावी, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. आयकिया फाउंडेशनच्या मदतीने झालेल्या सपाट खोक्यातल्या निवाऱ्याबद्दल तर शंकाही नाही: तो तंबूपेक्षा बरा, इतकेच.

आणि आपण? माळीण गाव 30 जुलै 2014 ला दरडीखाली गाडले गेले, 151 माणसे गेली. आमड्याला नवे माळीण 2017 च्या एप्रिलमध्ये मोठ्या समारंभाने सुपूर्द झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथला भराव आणि रस्ते खचले. घरे पक्की होती, पण ज्या उतारावर ती बसवली त्याचे पाणी कुठून जाणार, याकडे नीट पाहिले गेले नव्हते. 2023 मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीच्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ लोखंडी कंटेनरमध्ये ठेवले. काही महिन्यांची म्हणून केलेली सोय वर्षाहून अधिक चालली. डोंगरावर कुडाच्या भिंतीत राहिलेल्या माणसाला एप्रिलच्या कोकणात पत्र्याच्या डब्यात झोपवणे, याला रचना म्हणायला मी तयार नाही. तीस वर्षांपूर्वी लातूरने शिकवलेले यातल्या कुठल्या निविदेत उतरले?

वास्तुकलेचे विद्यार्थी दरवर्षी एखादे देऊळ किंवा वाडा फूटपट्टीने मोजून त्याची रेखाटने करतात. येत्या वर्षी एखाद्या महाविद्यालयाने नवी किल्लारी घ्यावी. मूळचे 250 चौरस फूट आणि त्याला लोकांनी जोडलेले प्रत्येक पत्र्याचे पान मोजून काढावे आणि ती रेखाटने पुनर्वसन विभागाकडे पाठवावीत, पुढची निविदा निघण्याआधी.