सस्पेन्स खात्यातला गवई

बी.कॉम. झालेल्या माणसाने गाण्यावर लिहू नये, असं सर्क्युलर रिझर्व्ह बँकेने अजून काढलेलं नाही. तेवढ्या सवलतीवर हे धाडस करतो आहे.

आम्हा बँकवाल्यांची एक रीत असते. आलेली रक्कम कुठल्या खात्यात घालायची ते कळलं नाही, की ती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि चहाला जायचं. लेजरं गेली, कॉम्प्युटर आले. सस्पेन्स खातं जागचं हललेलं नाही. वसंतराव देशपांड्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला वाटतं, आपल्या गाण्यातल्या हिशेबनिसांनी या गवयाला बरीच वर्षं तिथेच ठेवलं होतं. कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : घराणं कुठलं?

आता तुम्हीच जमा बाजू तपासा. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे पाया घातला. लाहोरला असद अली खाँसाहेबांनी मारवा दिला. मग किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ. शिवाय दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याची लहानपणापासून लागलेली ओढ, ती वेगळीच. एवढ्या पावत्या, आणि हेड ऑफ अकाउंट एकही नाही! इन्स्पेक्शनला आलेला साहेब हैराण होणार नाही तर काय?

पण गाणं ऐकलं की पावत्या वेगवेगळ्या राहत नाहीत. मारवा हा मोठा छळवादी राग. त्यात षड्ज लवकर हाती लागत नाही. सही करणारा साहेब जसा नेमका गरजेच्या वेळी खुर्चीवर नसतो, तसा. वसंतराव त्या षड्जाभोवती अशा काही घिरट्या घालतात की शेवटी तो भेटतो तेव्हा चेक वटल्याचा आनंद होतो. तान कुठून निघेल याचा नेम नाही, पण समेवर मात्र वेळेवर हजर. तबल्याची उत्तम जाण होती, त्याचा हा गुण.

दोषही लिहायला हवा, नाहीतर हे परीक्षण न होता निरोपसमारंभाचं भाषण होईल. कधीकधी त्यांना एकाच वेळी इतकं सुचतं, की राग बिचारा मागून धापा टाकत येतो. आलापात जरा बसू द्या हो, असं म्हणावंसं वाटतं. पण मग १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं त्यांचं लेकीच्या पाठवणीचं गाणं लावावं. तिथे हाच माणूस तानांची तिजोरी बंद करून, किल्ली खिशात ठेवून, साध्या बापासारखा गातो. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, चित्रपटगीत सगळं येणं ही हुशारी झाली. कुठे काय खर्चायचं नाही हे कळणं, ही अष्टपैलूपणाची खरी परीक्षा.

हे सारं चालू असताना हा गवई कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत होता. हे वाचून आम्हा कारकुनांची मान ताठ होते, आणि लगेच खालीही जाते. टाळ्या वाजवणारे आपण सगळेच. पण अशा गळ्याला दिवसभर आकड्यांच्या बेरजा कराव्या लागल्या, तो हिशेब कोणाच्या नावे टाकायचा?

मग १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. दोन घराण्यांच्या भांडणाचं हे नाटक. त्यात एकच पद दोन गायकींच्या दोन चालींत येतं. आणि घराण्याच्या अभिमानाने पेटलेले खाँसाहेब कोणी उभे केले? ज्याला स्वतःला एका घराण्यात बसवता येत नव्हतं, त्याने! तेव्हा वसंतरावांचं वय सत्तेचाळीस होतं. आमच्याकडे या वयात माणसं व्हीआरएसचे तक्ते मांडतात.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८२ साली. ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. म्हणजे व्हाउचर पास व्हायला आणि खातं बंद व्हायला फारसं अंतर राहिलं नाही. आता सगळे म्हणतात, वसंतरावांची गायकी. म्हणजे त्यांच्या नावाचं खातं उघडलं गेलं खरं. मला काळजी आहे ती आज सस्पेन्समध्ये पडून असलेल्या रकमांची. त्यांतली एखादी कुठल्याशा ऑफिसात, ह्या क्षणी, टेबलावर बोटांनी त्रिताल वाजवत असेल. आणि तिचा साहेब तिच्याकडे डोळे वटारून बघत असेल.